मागून आलेले कुत्रे

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या लेखाकडे वाचक केव्हा वळतो, हे मला चांगले ठाऊक आहे. कथा वाचून झालेल्या असतात, राशिभविष्यावर घरात दोनदा भांडण झालेले असते, व्यंगचित्रे सगळ्यांनी एकमेकांना दाखवून झालेली असतात. आणि मग भाऊबीजेच्या दुपारी, फराळाने अंग जड झाले असताना, कोणीतरी पान उलटून इकडे येते. अशा वाचकापुढे रूपवाद आणि आकृतिबंध घेऊन जाणे बरे दिसत नाही. म्हणून एका कुत्र्याविषयी लिहितो. कुत्रे महाभारतातले आहे, तेव्हा समीक्षेची अब्रूही शाबूत राहावी.

या कुत्र्याकडे माझे लक्ष गेले ते दुसऱ्या एका कुत्र्यामुळे, आणि तेही उशिरा. गेली वीसएक वर्षे मी नागपूरला महाविद्यालयात साहित्य शिकवतो. घर मात्र उधव्याला, म्हणजे तलासरी तालुक्यात, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या कुशीत. वडील त्या भागात शाळामास्तर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. आता आई एकटी असते. दर दिवाळीला आम्ही मोटारीने जातो. हे अंतर साडेसातशे किलोमीटरांच्या आसपास भरते. गेल्या दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणले होते. तांबूस-पांढरे, एक कान उभा, एक पडलेला, वजन जेमतेम चार किलो. नाव चिंगी. “अहो, शेजाऱ्यांकडे ठेवू या आठ दिवस,” असे पत्नीने सुचवून पाहिले. शेजाऱ्यांनी त्या आधीच गावाला जायचे ठरवले होते, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा चिंगी निघाली. समृद्धी महामार्ग माणसांसाठी बांधला आहे, कुत्र्याच्या पोटासाठी नव्हे, हे आम्हाला वर्धा मागे पडण्यापूर्वी कळले. दर दीड तासाला थांबायचे, वाटीत पाणी ओतायचे, गळ्यात दोरी बांधून तिला कडेच्या मातीवर फिरवायचे, पुन्हा बसायचे. एरवी हा रस्ता मी गाण्यांत आणि डुलक्यांत संपवत असे. या खेपेला तो पहिल्यांदाच मला जमिनीवरून दिसला. काळी माती कुठे संपते, कापसाच्या जागी मका कुठे लागतो, वारा कोणत्या बाजूने येतो. चिंगीला प्रत्येक थांब्यावर काहीतरी अतिमहत्त्वाचे हुंगायचे असे, आणि तेवढा वेळ मला तिथेच उभे राहणे भाग असे.

सिन्नरजवळ उतरून नाशिकला पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. एका लॉजमध्ये खोली मिळाली, चावी हातात आली, आणि मग व्यवस्थापकांची नजर मुलीच्या हातातल्या पिशवीकडे गेली. ते गृहस्थ उद्धट नव्हते. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “साहेब, तुम्हाला खोली आहे. कुत्र्याला नाही. गाडीत राहू द्या त्याला एक रात्र, काय बिघडतं!” मी थकलेला होतो. खरे सांगायचे तर मी ‘बरं’ म्हणण्याच्या बेतात होतो. मुलगी काही न बोलता गाडीत जाऊन बसली. मग आम्हीही जाऊन बसलो, आणि ती रात्र एका पेट्रोल पंपाच्या उजेडात काढली. वेळ जावा म्हणून पत्नीने तिला धर्मराजाची गोष्ट सांगितली: एकेक भाऊ पडला, शेवटी इंद्र रथ घेऊन आला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणाला, धर्मराज म्हणाले मग मीही येत नाही, आणि त्या कुत्र्याचा यमधर्म झाला. मुलीला गोष्ट पसंत पडली. जरा वेळाने तिने विचारले, “बाबा, धर्म झाला, मग कुत्रं कुठं गेलं?”

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते. हा प्रश्न वर्गात कधी कोणी विचारला नव्हता, आणि मलाही कधी पडला नव्हता.

महाप्रस्थानिक पर्व हे महाभारताचे सतरावे पर्व. अवघ्या तीन अध्यायांचे. एवढ्या मोठ्या ग्रंथात ही जागा चिंचोळी वाटते, पण तिच्यातले चालणे फार लांबवरचे आहे. पांडव वल्कले नेसून हस्तिनापुरातून निघतात. पाच भाऊ, सहावी द्रौपदी, आणि सातवे कुत्रे. व्यास या कुत्र्याला मोजतात, हे आधी ध्यानात घ्यावे. ते कोणाचे, कुठून आले, कोणत्या रंगाचे, काही सांगत नाहीत. पण आकड्यात घेतात. हे सातजण आधी पूर्वेला जातात. तिथे अग्नी वाट अडवून अर्जुनाचे गांडीव वरुणाला परत द्यायला लावतो. मग दक्षिण, मग पश्चिम, जिथे समुद्राने बुडवलेली द्वारका दिसते. आणि मग उत्तरेला हिमालय. म्हणजे भरतभूमीची एक पुरी प्रदक्षिणा झाली. तिच्यात कुत्र्याचा उल्लेख कुठेही वर्णनासाठी येत नाही. द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम पडतो. युधिष्ठिर प्रत्येकाच्या पडण्याचे कारण सांगतो आणि मागे न पाहता चालत राहतो. मागून येणारे एवढे कुत्रेच उरते.

कीर्तनात आणि मुलांच्या पुस्तकांत ही कथा कुत्र्याच्या इमानाची म्हणून सांगितली जाते. मूळ कथेचे वजन दुसरीकडे आहे. कुत्र्याच्या इमानाची परीक्षा तिथे कोणी घेत नाही. परीक्षा होते ती माणसाच्या इमानाची. इंद्राचा युक्तिवादही वाटतो तितका पोकळ नाही. तो म्हणतो, तू भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह कसला? प्रश्न झोंबणारा आहे, कारण तो वाचकाच्याही मनात आलेला असतो. युधिष्ठिराचे उत्तर वकिली थाटाचे वाटते, पण त्यावरच सारे उभे आहे: ते मेले होते, जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही, हे जिवंत आहे. मेलेल्याला जिवंत करणे माझ्या हाती नाही, जिवंताला न टाकणे आहे. जन्मभर ज्याच्या धर्मबुद्धीने इतरांना संकटात घातले, ज्याने द्यूतात बायको लावली, त्या माणसाच्या तोंडी हे उत्तर शेवटी येते. मला तर वाटते की हे उत्तर त्याला एका दिवसात सुचले नसावे; त्याला सारी प्रदक्षिणा लागली असावी.

आता एक जुनी वस्तू या कुत्र्याशेजारी ठेवून पाहावी. महाभारताच्या आरंभी, आदिपर्वातल्या पौष्य कथेत, जनमेजयाचे यज्ञसत्र चालू आहे. तिथे एक कुत्र्याचे पिल्लू येते. त्याने हवीला तोंड लावलेले नाही, हवीकडे पाहिलेलेसुद्धा नाही. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती यज्ञमंडपात येऊन राजाला विचारते, माझ्या मुलाने काही केले नसता त्याला का मारले? कोणाजवळ उत्तर नसते. ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. पांडवांच्या पणतवाच्या दारात एक कुत्रे विनाकारण मार खाते, तिथून ग्रंथ सुरू होतो. आणि पांडवांतला वडील भाऊ एका कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ अडवून धरतो, तिथे तो संपत येतो. या दोन टोकांच्या मध्ये अठरा अक्षौहिणी सैन्य मरते. हा योगायोग आहे असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे. मला म्हणवत नाही.

शिवाय त्या काळच्या श्रोत्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ऋग्वेदातल्या यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत, चार-चार डोळ्यांचे, तेही या सरमेचेच पुत्र. मेलेल्याला त्यांच्या बाजूने जावे लागते. तेव्हा हस्तिनापुराच्या वेशीपाशी पांडवांच्या मागे कुत्रे लागले, एवढे ऐकताच जुन्या श्रोत्याच्या अंगावर काटा आला असेल. आपल्याला ते कुत्रे गरीब, भुकेले, मायेचे वाटते; त्याला ते वाटाड्यासारखे वाटले असेल.

इथे माझ्या मुलीचा प्रश्न परत येतो. ते जर पहिल्यापासून यमधर्मच होते, तर युधिष्ठिराने सांभाळले कोणाला? आपल्या स्वतःच्या बापाला, म्हणजे देवाला. मग त्या उत्तराची धार बोथट होते. त्याने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, या वाक्याला अर्थ येतो तो ते कुत्रे असेपर्यंतच. व्यासांची भव्यता अशी, की ते कुत्र्याला शेवटच्या घटकेपर्यंत कुत्रेच ठेवतात. आणि त्यांची, म्हणा किंवा परंपरेची, उणीव अशी, की त्या घटकेला ते त्याला कुत्रे राहू देत नाहीत. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये पडलेल्या द्रौपदीपाशी थांबून तिच्या अखेरच्या घटका कल्पनेने पाहिल्या. कुत्र्यापाशी आपल्यातला कोणी थांबला नाही. पुढल्या पर्वात तर हाच युधिष्ठिर भावांसाठी नरकात राहायला तयार होतो, आणि धर्म त्याला सांगतो, कुत्र्याच्या रूपाने मी तुझी परीक्षा घेतली होती. बस्स, ते एक रूप होते. हिशेब मिटला.

आपल्याकडे हे फार वेळा होते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा किती गोड! पण तिच्यातही कुत्रे टिकत नाही. त्यातून विठ्ठल निघतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, तर ते चार वेद. खंडोबाच्या कुत्र्याचेही तेच, त्याच्यापुढे आपण हात जोडतो. आपल्या अंगणातल्या कुत्र्याला मात्र काठी दाखवतो. आमच्या नेपाळी शेजाऱ्यांचे मला कौतुक वाटते. नरक चतुर्दशीच्या दिवशी आपण कारिट फोडत असताना, तिकडे तिहारच्या सणात दारचे, रस्त्यावरचे, हाडहाड केलेले कुत्रे धरून आणतात, कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात आणि खायला घालतात. तिथेही यमाचा दूत म्हणूनच त्याचा मान आहे, हे खरे. पण हार पडतो तो खऱ्या, खरजेल्या मानेवर.

आणि असाच हार आपल्याकडेही पडला आहे, अगदी अलीकडे. २०२४ च्या जून अखेरीस बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचे एक वारकरी पायी पंढरपूरला निघाले. त्यांच्या मागे गावातले एक काळे कुत्रे लागले. गावकरी त्याला ‘महाराज’ म्हणत. सुमारे अडीचशे किलोमीटर ते दिंडीबरोबर चालले. पंढरपुरात दर्शन घेऊन बाहेर यावे तो गर्दीत महाराज नाहीसे झालेले. शोधाशोध झाली. कोणी सांगितले, ते दुसऱ्याच माणसांबरोबर गेले. मालक जुलैच्या मध्यावर गावी परतले. आणि दुसऱ्या दिवशी दारात शेपटी हलवत कुत्रे उभे. गावाने त्याला हार घातले, मिरवणूक काढली, जेवणावळ घातली. बातमी वाचली तेव्हा मला सगळे महाप्रस्थान उलटे होऊन समोर आल्यासारखे झाले. इथे माणूस आधी घरी आला, आणि मागून येणारे कुत्रे खरोखरच मागून आले. एकटे.

गाव म्हणाले, पांडुरंगाने आणले. गावाच्या भावनेशी माझे भांडण नाही. पण वाचक म्हणून माझी चुटपुट वेगळी आहे. अडीचशे किलोमीटरांची ही परतीची वाट मराठी मुलखातली एक थोर प्रवासकथा आहे, आणि ती कायमची न लिहिलेली राहणार. पाणी कुठे प्याले, कोणत्या गावच्या कुत्र्यांनी अंगावर येऊन हुसकले, कोणत्या ढाब्यावर कोणी तुकडा टाकला. आणि जाताना भजनाच्या आवाजामागे चाललेल्या वाटेवर परतताना आवाज नव्हता, तेव्हा त्याने काय धरून पाय टाकले? बातमीत या साऱ्याची जागा ‘चमत्कार’ या एका शब्दाने घेतली.

परदेशी लेखकांनी ही न लिहिलेली वाट लिहून पाहिली आहे. एरिक नाइट यांच्या ‘लॅसी कम-होम’मधली कुत्री (१९४०) स्कॉटलंडातून यॉर्कशायरच्या गरीब मुलाकडे चालत येते, शीला बर्नफर्ड यांच्या ‘द इन्क्रेडिबल जर्नी’मध्ये (१९६१) दोन कुत्रे आणि एक सयामी मांजर कॅनडाचे रान तुडवत घर गाठतात. मुलांना ही पुस्तके अवश्य द्यावीत. माझ्या मते मात्र या दोन्हींहून खोल उतरते ती चेकॉव्हची ‘कश्तांका’, १८८७ सालची छोटीशी कथा. एका सुताराची तांबूस, ठेंगणी, मिश्र रक्ताची कुत्री हरवते. सर्कशीतला एक विदूषक तिला उचलतो, पोटभर खाऊ घालतो, प्रेमाने खेळ शिकवतो. सुताराच्या घरी काय होते? सरसाचा आणि वार्निशाचा वास, शिव्या, आणि सुताराचा पोर, जो मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला देई आणि पुन्हा पोटातून ओढून काढी. तरी सर्कशीच्या पहिल्याच खेळात गॅलरीतून त्या पोराची हाक येते आणि ती सगळे सोडून धावते. विदूषकाकडचे दिवस तिला एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखे वाटू लागतात. चेकॉव्ह इथे टाळ्या वाजवत नाही आणि डोळेही पुसत नाही. घर चांगले असते म्हणून घर असते, हा आपला समज तो हळूच काढून घेतो, आणि कुत्रीला शेवटपर्यंत कुत्री राहू देतो. व्यासांच्या कथेत जे राहून गेले, ते रशियन डॉक्टराने केले.

स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) हे या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक. १९६० च्या शरदात हा लेखक रोसिनांते नावाची घरवजा ट्रक घेऊन, शेजारी फ्रान्समध्ये जन्मलेला पूडल बसवून, अमेरिकाभर हिंडला. पुढे काही पत्रकारांनी त्याचा माग काढला आणि मुक्काम, संवाद यांतले बरेचसे रचलेले असावे अशी शंका घेतली. असेल. पण चार्लीचे म्हातारपणीचे मूत्रविकाराचे हाल, एक निष्काळजी जनावरांचा डॉक्टर आणि नंतर भेटलेला एक मायाळू, ही पाने वाचताना मला त्यांत रचलेपणा जाणवत नाही. कारण तिथे लेखक अमेरिकेला विसरतो. परतीचा भाग तर मला फार आवडतो. घर अजून कित्येक मैल दूर असताना प्रवास मनातून संपून जातो, आणि सगळा देश पालथा घातलेला माणूस आपल्याच न्यूयॉर्कात वाट चुकतो.

मराठीत आपल्याजवळ काय आहे? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हे घरी परतण्याचे आपले महाकाव्य म्हणायला हरकत नाही. सत्तावनच्या आगीतून, झाशीच्या कत्तलीतून, लुटले जात जात हा भिक्षुक वरसईला आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आला. त्या कावडीला त्याने जसे जपले, तसे प्रवासात कोणा मुक्या जिवाला जपल्याचे पान मराठी प्रवासवर्णनात मला अजून सापडायचे आहे. आपल्याकडचे कुत्रे विनोदी लेखात येते, आणि पुलंच्या ‘पाळीव प्राणी’त आल्यासारखे यावे, पण तिथे ते पाहुण्याच्या पोटरीसाठी येते. वाटेवर ते आपल्याबरोबर निघत नाही. आपण ते शेजाऱ्यांकडे ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करून चारोटीला महामार्गाला लागलो. महालक्ष्मीचा डोंगर दिसला की मला घरी आल्यासारखे वाटते. चिंगीला ते कसे कळावे, पण तलासरीहून आत वळताच ती उठून काचेला नाक लावून उभी राहिली. भात कापून झाले होते. कुठूनतरी तारप्याचा आवाज येत होता. आईने तिला पाहिले आणि माझ्याआधी तिची विचारपूस केली. संध्याकाळी शेजारचे वारली बाबा येऊन सांगून गेले, “रातीला आत घ्या तिला.” आमच्याकडे बिबट्या येतो आणि कुत्रे त्याला सोपे पडते. वसुबारसेला तुम्ही गाय पुजता, तेव्हा इथले लोक वाघबारस करून वाघोबाला पुजतात. त्या पूजेत वाघाचा वाघोबा होतो. तरी तो वाघ राहतो आणि रात्री दार लावावे लागते. वारली चित्रात तर माणूस काय नि जनावर काय, दोघांची अंगे त्याच त्रिकोणांतून उभी राहतात. कोणाला त्यातून बाहेर काढून देव करण्याची घाई नसते.

आता राहिलेले सांगून टाकतो. परत निघताना आम्ही चिंगीला उधव्यालाच ठेवले. आई म्हणाली, “राहू दे रे, रात्र फार मोठी असते.” आमच्या नागपूरच्या इमारतीतही कुरबुर सुरू झाली होती. कारणे सगळी खरी होती. गाडी निघाली तशी ती मागून धावत आली, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. युधिष्ठिराने मागे पाहिले नाही. मी आरशात पाहिले, आणि गाडी थांबवली नाही. मुलगी सिन्नरपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

या दिवाळीला पुन्हा तोच रस्ता आहे. आई फोनवर सांगते, वळणावर कुठलीही मोटार वाजली की चिंगी फाटकापाशी जाऊन बसते, आणि मोटार पुढे गेली की आत येऊन तिच्या खाटेखाली झोपते. मुलीने मला बजावले आहे, की परतताना चौघांची जागा धरा आणि नाशिकला लॉज आधीच विचारून ठेवा. मी हे आईला सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “न्या की. पण मग पाच जणांची धर.”